११ वर्षांच्या मुलीला पहिली रायफल कोणती घ्यावी? आणि शिकारीचं काय?

कसबा बावडेकर:

नमस्कार मंडळी. माझी लेक ११ वर्षांची, सहावीत आहे. नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून तिच्या डोक्यात रायफल बसलीय. तिचं आजोळ राधानगरी तालुक्यातलं, स्वप्नीलच्या कांबळवाडीपासून जवळच, त्यामुळं तिला तो घरचाच वाटतो. आजोबांकडं पूर्वी परवान्याची बंदूक होती, शिकारीचे फोटो अजून भिंतीवर आहेत. त्यात माझा भाऊ टेक्सासला असतो. त्याच्या १२ वर्षांच्या पोरानं या वर्षी पहिलं हरीण मारलं. भाऊ फोनवर म्हणाला, "लवकर सुरुवात करून दे, नंतर पोरं घाबरतात."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इथं मुलीला शिकारीची ओळख करून देता येते का, द्यावी का? आणि एअर रायफल घ्यायची तर पॉइंट १७७ की पॉइंट २२? दुकानदार म्हणतो २२ घ्या, दणकट आहे, पोरगी मोठी झाली तरी चालेल. मला यातलं काही कळत नाही.

भुदरगडचे काका:

बावडेकर, दुकानदाराचं ऐकू नका. आपल्याकडं एअर रायफल बिनपरवाना ठेवायची तर तिच्या नळीचं माप, म्हणजे कॅलिबर, ४.५ मिमीपर्यंत, म्हणजे पॉइंट १७७, आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत लागतो. २२ ला परवाना लागतो. शिवाय १० मीटरच्या स्पर्धेत जगभर १७७ च चालते. मुलगी पुढं गेली तरी छर्रा तोच राहणार.

शिकारीचं उत्तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला बंदी आहे. ससा, भेकर तर सोडाच, झाडावरच्या पोपटावरही छर्रा मारायचा नाही. रानडुकरं पिकं नासवतात म्हणून वनखातं कधी परवानगी देतं, पण ते पोरांना घेऊन जायचं काम नव्हे.

आता माझं सांगतो, कारण तुमच्या भावाचं वाक्य माझ्या वडिलांच्याही तोंडी होतं.

१९६८ साली मी १० वर्षांचा होतो. वडिलांची बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक होती, परवान्याची. पाटगावच्या अंगाला आमची नाचणीची शेती, पलीकडं रान. त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली तेव्हा दस्ता खांद्याला टेकेना, काखेखाली जायचा. डब्यावर पहिला बार काढला आणि मी मागं बसलो. खांदा आठवडाभर काळानिळा होता. सगळे शाबासकी देत होते, म्हणून दुखतंय हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या बारापासून मी चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागलो. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

त्याच हिवाळ्यात दिवस मावळताना कापलेल्या नाचणीच्या कडेला भेकर आलं. वडिलांनी खूण केली. मी डोळे मिटून बार काढला. छर्रे मागच्या पायात गेले. कंदील घेऊन आम्ही रात्री १० वाजेपर्यंत कारवीत फिरलो, पानांवर रक्त दिसत होतं. ते एकदा भुंकलं, मग आवाज नाही. सकाळी ओढ्याकाठी सापडलं, तोवर जीव गेला होता. रात्रभर ते तसंच पडून असणार. वडील एक शब्द बोलले नाहीत. बंदूक उघडून खोळीत घातली आणि दोन वर्षं माझ्या हातात दिली नाही.

दोन वर्षांनी त्यांनी रीत बदलली. रिकामी बंदूक, नळीवर पाच पैशाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. नाणं टिकायला लागल्यावर ते माझ्या नकळत कधी भरलेलं काडतूस घालायचे, कधी उडवलेलं. उडवलेलं निघालं की चाप ओढताना नळी कशी खाली झुकते ते मला माझ्याच डोळ्यांनी दिसायचं. पुढं फौजेत गेलो. फायरिंगला रंगरूट अगदी तशीच नळी झुकवताना बघितले. ती खोड एकदा लागली की काढायला वर्षं जातात, म्हणून पहिल्या दहा-वीस बारांत लागू द्यायची नाही.

म्हणून कॅलिबरच्या आधी दस्त्याची लांबी बघा. मुलीनं कोपर काटकोनात वाकवायचं, दस्ता कोपराच्या खळग्यात टेकवायचा. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात आलं तर माप बरोबर. मग वजन बघा. नळी मोडून, म्हणजे बिजागरीत वाकवून, भरायची रायफल असेल तर ती तिच्या हातानं मोडते का, हे दुकानातच करून बघा. बाप मोडून देणार आणि पोर चाप ओढणार, हे शिकणं नव्हे. तिचा कोणता डोळा जोरकस आहे तेही पाहून ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर अंगठा धरायचा आणि एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना अंगठा जागेवरून हलत नाही, तो.

गच्चीवर मारायचं नाही. पत्र्यावर, दगडावर छर्रा उलटतो आणि डोळा जातो. मागं मातीचा ढीग हवा, डोळ्याला चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

आणि आजोबांच्या फोटोंचं म्हणाल तर मुलीला दाजीपूरला न्या. ते कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान, १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं. वडिलांच्या खिशात चुलीतल्या राखेची पुरचुंडी असायची. चिमूटभर सोडायची आणि वारा कुठला आहे ते बघायचं. माग ओळखणं, वाऱ्याच्या खालून जाणं, तासभर न हलता बसणं, हे सगळं बंदुकीविना शिकता येतं. मला विचाराल तर शिकारीतलं तेवढंच शिकवण्यासारखं होतं.

रेंजवरची आई:

काकांशी सहमत. माझी लेक १० व्या वर्षापासून दुधाळीच्या नेमबाजी रेंजला जाते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला सोनं आणलं. तीच परंपरा इथं मुलींच्या कानावर पडते.

दादा, लगेच रायफल विकतच घेऊ नका. आधी रेंजवरची वापरू दे. पहिला महिनाभर आमच्या कोचनी छर्राच दिला नव्हता. उभं राहणं, श्वास आणि रिकामा चाप, एवढंच. मी वैतागले होते, लेक नाही वैतागली. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, ती लहान अंगाला झेपत नाही, म्हणून सुरुवातीला स्टँडवर टेकवून मारतात. १० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त अर्धा मिलिमीटर असतं. ते मुलीला एकदा कागदावर दाखवा. नेमबाजीच्या जॅकेटची घाई नको, वर्षात लहान होतं.

राजारामपुरी ते सॅन अँटोनिओ:

मी १४ वर्षं टेक्सासमध्ये आहे, मुलाला शिकारीला नेतो, म्हणून लिहितो. इथं हरणावर २२ ची रिमफायर काडतुसं चालत नाहीत, कायद्यानंच. ती कागदावर शिकायला. मुलांसाठी बहुतेक जण २४३ विंचेस्टर काडतुसाची रायफल घेतात. आपले लोक हौसेनं पोराच्या हातात थेट ३०-०६ ची मोठी रायफल देतात, तिचा धक्का २४३ च्या जवळपास दुप्पट. काकांनी सांगितलेला खांदा मी इथंही पाहिलाय.

हंटर एज्युकेशनचा कोर्स ९ व्या वर्षापासून करता येतो. माझ्या मुलानं पहिल्या वर्षी एकही गोळी झाडली नाही. हरीण आडवं उभं नव्हतं, नेम नीट बसला नसता, तो म्हणाला, "बाबा, नको." मी त्याला तिथंच मिठी मारली. बावडेकर, भावाला विचारा, त्यांच्या पोरानं किती वेळा "नको" म्हटलं.

कसबा बावडेकर:

काका, ताई, दादा, मनापासून आभार. काल दुकानात टेप घेऊन गेलो. लेकीचं माप २८ सेंटिमीटर आलं, त्या २२ च्या दस्त्याचं ३६. नळी तिला दोन्ही हातांनी मोडेना. तसाच परत आलो. रविवारी रेंजवर नाव घालतोय. भावालाही विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "एकदाही नाही."

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले भुसा भरलेले वाघ बघून लेकीनं मागं विचारलं होतं की यांना किती वेळ लागला असेल. तेव्हा प्रश्न कळला नव्हता.

भुदरगडचे काका:

रविवारपर्यंत घरात लाकडी पट्टीवर नाणं ठेवून धरायला लावा. डोळा कोणता निघाला ते कळवा. उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची असेल तर कोचना पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे.