ऑपरेशनआधी 'आमच्या खिशातून किती?' हे कुणी का सांगत नाही?

सिंहगडरोडकर:
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, कॅशलेस. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 3,000. भरती करताना इन्शुरन्स डेस्कवर तीनदा विचारलं, साधारण किती भरावे लागतील? उत्तर एकच: "अप्रूव्हल येऊ द्या, मग बघू." स्वस्तातली खोली रिकामी नव्हती, 6,000 ची घेतली. म्हटलं, तीन दिवसांचे वरचे नऊ हजार आपण भरू.

बिल 1,30,000. कंपनीने दिले 65,000. बाबा कपडे बदलून कॉटवर बसलेले आणि मी खाली नातेवाइकांना फोन लावतोय!

आता आईचं मोतीबिंदू आहे. हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या यांच्यात क्लेमची देवाणघेवाण करणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेमुळे, म्हणजे नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंजमुळे, आकडा आधी कळेल, असं वाचलं. खरं का?

माजी डेस्कवाली:
आधी बिलाची फोड टाका दादा.

सिंहगडरोडकर:
खोली 18,000. सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग 72,000. औषधं, हर्नियाला आतून बसवलेली जाळी, तपासण्या 40,000.

माजी डेस्कवाली:
मग तुमचे जास्त कापलेत. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली की डॉक्टर-ओटीचेही निम्मेच मिळतात, हे प्रपोर्शनेट डिडक्शन. पॉलिसीत बारीक अक्षरात असतं. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कात्री चालवायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्येच सांगितलंय. जाळी म्हणजे इम्प्लांटच. 9,000 + 36,000 + 40,000 = 85,000. पॉलिसीत न बसणारे हातमोजे-बितमोजे वजा करा, बाकी मागा. शिवाय त्या हॉस्पिटलात खोलीनुसार ओटीचे दर बदलत नसतील, तर 36,000 ची कपातही चालत नाही. दरपत्रक मागून घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिन्याभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे.

एक्स्चेंजचं म्हणाल, तर त्याचा मुख्य फायदा डेस्कवाल्यांना. आम्ही प्रत्येक कंपनीचं पोर्टल उघडून तेच तेच टाइप करायचो. आता एफएचआयआर नावाच्या एकाच साच्यात सगळ्यांना जाणार. त्या साच्यात क्लेमचे तीन प्रकार आहेत: झालेल्या खर्चाचा, पूर्वमंजुरीचा, आणि 'हे केलं तर किती द्याल?' असा नुसता अंदाज विचारणारा. तुम्हाला हवाय तो तिसरा. पण तो हॉस्पिटलने पाठवला तर ना!

एडिसनकर:
इथे अमेरिकेत उलटी गंमत. 1 जुलै 2022 पासून विमा कंपन्यांना हॉस्पिटलांशी ठरलेले दर फाइलींमधून जाहीर करावे लागतात. फाइली इतक्या अवाढव्य की साध्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. माझ्या कामी आलं ते कंपनीच्या साइटवरचं अंदाजपत्रक. गुडघ्याच्या एमआरआयचे दोन सेंटरचे आकडे शेजारी शेजारी दिसले, स्वस्त ठिकाणी गेलो.

सिंहगडरोडकर:
ताई, कंपनीला मेल टाकली, जाळीच्या बिलासकट. आज आईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं, म्हणून शोधलं. सापडलं, पाण्याच्या कूलरमागे! फोटो काढला. लेन्सचा दर त्यात नाही. काउंटरवर लेखी मागितला तर ती मुलगी म्हणाली, "आजवर कुणी मागितला नाही." सोमवारी देते म्हणालीय.