अपग्रेड संपेपर्यंत फायर अलार्म बंद ठेवावा का?

तिसरा_मजला: ऑफिसात फायर अलार्मची जुनी यंत्रणा काढून नवी बसवतायत. छतात ड्रिलिंग चालू आहे आणि भोंगा वाटेल तेव्हा बोंबलतो. सुरुवातीला सगळे जिने उतरून खाली जायचे, आता निम्मे खुर्चीतून हलत नाहीत. माझं मत: काम संपेपर्यंत तो बंद करा आणि प्रत्येक मजल्यावर गस्तीला एक माणूस ठेवा. खोट्या भोंग्यापेक्षा जागा माणूस बरा.

सोल्डर: धूर ओळखणारे डिटेक्टर बहुतेक बिघडलेले नाहीत. ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत एक प्रकाशझोत असतो, तो एरवी सेन्सरवर पडत नाही. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरला दिसतो आणि अलार्म होतो. सिमेंटची धूळही नेमकं तेच करते. ड्रिलिंग चालू असेल तिथल्या डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी चढवायची आणि संध्याकाळी न विसरता काढायची. अलार्मचं पॅनल अ‍ॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं, असेल तर तेवढेच डिटेक्टर आयसोलेट (तात्पुरते बंद) करता येतात. तुमचं कुठलं आहे?

तिसरा_मजला: जुनं कन्व्हेन्शनल. ते फक्त झोन ओळखतं, आणि एक झोन म्हणजे अख्खा मजला. म्हणून तर म्हणतोय.

रात्रपाळी: साफ असहमत. फॉल्स सीलिंगच्या वर वायर जळायला लागली तर गस्तीवाल्याला काय दिसणार? आणि रात्री कोण फिरणार? आगी बांधकामाच्या काळातच लागतात हो, वेल्डिंग, ग्राइंडर, उघड्या वायरी. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र-दाम पेटलं तेव्हा तिथेही दुरुस्तीच चालू होती.

तिसरा_मजला: नोत्र-दामचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे अलार्म वाजला होता. सुरक्षारक्षक चुकीच्या पोटमाळ्यावर गेला आणि खरी आग सापडेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला. वाजून काय उपयोग झाला? जानेवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात आग लागली, ३ विद्यार्थी गेले. आधी इतके खोटे अलार्म झाले होते की बऱ्याच मुलांना हाही तसलाच वाटला. लांडगा आला रे आला!

रात्रपाळी: मग खोटे अलार्म कमी करा ना. मुलं उठली नाहीत म्हणून भोंगाच काढून टाकायचा, हा कुठला न्याय?

खाली_उभा: आमच्याकडे तर भोंगा वाजला की लोक आधी चहाचा कप उचलतात, मग लॅपटॉप, मग स्वतः.

परमिटवाला: गस्तीची कल्पना वेडगळ नाही. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षा संहितेनुसार अलार्म २४ तासांत ४ तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर अग्निशमन अधिकाऱ्यांना कळवावं लागतं आणि इमारत तरी रिकामी करायची किंवा मान्यताप्राप्त गस्त ठेवायची. पण त्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही. आपल्याकडे त्यालाच कुरिअर घ्यायला पाठवतात! शिवाय कुठला झोन कोणी, किती वाजता बंद केला आणि परत कोण चालू करणार, हे पॅनलशेजारच्या रजिस्टरमध्ये सहीनिशी हवं. खरी भीती मला त्या सहीची आहे. कंत्राटदार सहाला निघून जातो आणि झोन तसाच बंद राहतो.

तिसरा_मजला: रजिस्टर मान्य. रात्री झोन चालू, हेही मान्य. पण दिवसा ड्रिलिंगच्या वेळी मजल्याचा झोन बंदच हवा, त्यावर मी ठाम आहे.

सोल्डर: चालेल, पण फक्त डिटेक्टरचा झोन. भोंगे आणि जिन्याजवळचे काच फोडायचे लाल डबे चालू राहिले पाहिजेत, नाहीतर तुमच्या गस्तीवाल्याला आग दिसून तो करणार काय? डबे त्याच झोनवर जोडलेले असतील तर झोन बंद करू नका, टोप्याच चढवा. आणि नव्या डिटेक्टरवर ‘अजून चालू नाही’ अशी चिठ्ठी लावा. छतावर दोन-दोन डिटेक्टर दिसले की लोक निर्धास्त होतात.

रात्रपाळी: मी अजूनही टोप्यांच्याच बाजूने. झोन बंद करायचाच असेल तर ड्रिलिंग सुट्टीच्या दिवशी करा.