हवेतला कार्बन वाढला की मोसंबीला पाणी कमी लागेल?

मोसंबीवाला_अंबड:
2012-13च्या दुष्काळात आमची बारा वर्षांची 280 झाडं गेली. टँकरनं पाणी घातलं तरी शेंड्याकडून वाळतच आली. शेवटी कुऱ्हाड लावली, सरपण झालं. परवा भाच्यानं व्हिडिओ पाठवला: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, आता झाडं कमी पाण्यात येतील, अमेरिकेत संत्र्यावर सिद्ध झालंय म्हणे. खरं का? नवीन लागवड करायचीय, म्हणून विचारतो.

पर्णरंध्र:
अर्धं खरं आहे, दादा. पानावरच्या बारीक रंध्रांतून हा वायू आत येतो आणि त्याच वाटेनं पाणी उडून जातं. 1958 साली हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण 315 भाग होता, आता 420च्या वर गेलाय. वायू मुबलक असला की रंध्रं किलकिली ठेवूनही झाडाचं भागतं. व्हिडिओतला प्रयोग बहुतेक ॲरिझोनातल्या फिनिक्सचा. 1987पासून 17 वर्षं आंबट संत्र्याच्या झाडांना 300 भाग वायू जादा दिला. लाकूड-फळं मिळून सुमारे 70 टक्के जास्त भरली. फक्त तिथं पाणी आणि खत कधीच कमी पडू दिलं नव्हतं.

मोसंबीवाला_अंबड:
म्हणजे पाण्याचा ताण बसलाच नाही की! आम्ही आंबे बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी बंद करून बाग ताणावर सोडतो. पानं पिवळी पडून गळायला लागली की पाणी द्यायचं. त्या वर्षी ताण तोडायलाच पाणी नव्हतं.

रानवाटा:
पावसावरच्या झाडांचं बघा. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ क्रेन उभी करून जंगलातल्या जुन्या ओक-बीचना शेंड्यापर्यंत जादा वायू दिला. पाणी थोडं कमी ओढलं, पण खोडांची वाढ काही टिकून वाढली नाही.

पर्णरंध्र:
आणि माती पार कोरडी झाली की रंध्रं मिटलेलीच असतात, बाहेर वायू कितीही असो. ऊन वाढलं की तापलेली हवा पाणी जास्त ओढते ते वेगळंच. तुमच्या टँकरचं म्हणाल, तर खोडातली पाण्याची तार आधीच तुटली असणार. नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरले की खाली पाणी ओतलं तरी शेंड्याला पोचत नाही.

मोसंबीवाला_अंबड:
तसंच झालं होतं. बुंध्याशी चिखल आणि वर काड्या. बरं, शेततळ्याचा कागद फाटलाय, तो आधी बदलतो. कलमाला खालचा खुंट रंगपूर लिंबाचा घ्यावा की जंभेरीचा, त्याचा वेगळा धागा काढतो.