चर्चा धागा : सज्ञान खेळाडूंना देखरेखीखाली वृद्धी संप्रेरक घेऊ द्यावे का?

धागाकर्ता, दांडिया बाजार, बडोदे

मंडळी, आपल्या बडोद्यातील काही जिममध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘उंची वाढेल, पोटाची चरबी उतरेल, खांद्याची दुखापत लवकर भरून येईल’ असे सांगून ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वृद्धी संप्रेरकाची इंजेक्शने सुचवली जात आहेत, असे धावपटूंना शिकवताना मला पालकांकडून वारंवार ऐकावे लागते. हा विषय काढल्यावर माझ्या परिचयाच्या एका प्रशिक्षकांनी असे मत दिले की बंदी घालून इतकी वर्षे झाली तरी वापर थांबलेला नाही. तेव्हा सज्ञान खेळाडूंना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेण्याची मोकळीक द्यावी, म्हणजे चोरटा व्यापार तरी बंद होईल. मला हे मत मान्य नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८९ मध्ये या संप्रेरकावर बंदी घातली. आदल्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन पकडला गेला तो स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडमुळे. आपण वृद्धी संप्रेरकही घेत होतो, ही कबुली त्याने पुढे कॅनडातील चौकशीत दिली. सोलमध्ये ते सापडले नाही, कारण ते शोधून काढणारी चाचणीच तेव्हा नव्हती. १९९८ मध्ये युआन युआन ही चिनी जलतरणपटू पर्थच्या जागतिक स्पर्धेला जाताना १३ कुप्यांसह सापडली, तीही सिडनी विमानतळावर सामान तपासताना. रक्तचाचणी प्रथम वापरली गेली २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आणि तिच्यात सापडलेला पहिला खेळाडू, एक ब्रिटिश रग्बीपटू, जाहीर झाला २०१० मध्ये. म्हणजे बंदी आधी आली आणि ती राबवण्याचे साधन फार उशिरा हाती आले. अशा बंदीला निष्फळ ठरवून मोडीत काढणे मला घाईचे वाटते.

माझी खरी हरकत याहून मोठी आहे. शर्यतीतल्या आठांपैकी दोघांना परवानगी मिळाली की उरलेल्या सहांनाही इंजेक्शन घेणे भाग पडते. ज्याला इंजेक्शन नको आहे, त्याच्या नकाराला मग काही किंमतच राहत नाही. आणि सज्ञानांना मिळालेली सूट सोळा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचायला एक हंगाम पुरतो. अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद मिळाले आहे, गुजरातभर मुले मैदानाकडे वळत आहेत. हा प्रश्न आत्ताच निकाली काढायला हवा.

मांजलपूरचा खेळाडू

धागाकर्ते सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी स्वतः कुस्ती खेळलो आहे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मॅटवर परतू शकलो नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

पहिला मुद्दा असा की वृद्धी संप्रेरकामुळे स्नायुबंध आणि स्नायूंच्या आवरणातील कोलॅजन, म्हणजे त्यांना बळकटी देणारे प्रथिन, तयार होण्याचा वेग वाढतो, हे माणसांवरील संशोधनात दिसले आहे. ज्या खेळाडूची सारी कारकीर्द आठ-दहा वर्षांची असते, त्याला हे सांगणे की तुझी दुखापत बरी करण्याची शक्यता असलेले औषध जगात आहे, परंतु तू खेळाडू असल्यामुळे ते तुला वर्ज्य आहे, हे मला न्यायाचे वाटत नाही. एखाद्या कारकुनाने अथवा व्यापाऱ्याने तेच औषध घेतले तर त्याच्या पोटावर कोणी पाय देत नाही.

दुसरा मुद्दा देखरेखीचा. आज जो मुलगा चोरून घेतो, त्याच्या कुपीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. हे औषध प्रथिन आहे, ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आलेली कुपी निरुपयोगी असते आणि बनावट असली तर घातकही. डॉक्टरने रक्त तपासून, मोजून दिलेली मात्रा याहून निश्चितच सुरक्षित ठरेल. आणि धोक्याचेच म्हणाल तर वजनगटात बसण्यासाठी आम्ही दोन-दोन दिवस पाणी तोडत असू, त्यावर कोणी धागा काढला नाही.

निवृत्त डॉक्टर, अलकापुरी

मी संप्रेरकांच्या विकारांवर अनेक वर्षे उपचार केले आहेत, म्हणून औषधाविषयीचा भाग मी मांडतो. मत शेवटी देईन.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. ते दिवसभर एकसारखे पाझरत नाही. लाटांनी येते, आणि सर्वांत मोठी लाट गाढ झोपेत उसळते. त्याचे बरेचसे काम यकृतात तयार होणाऱ्या आयजीएफ-१ या दुसऱ्या द्रव्यामार्फत होते. १९८५ पर्यंत ते मृतदेहांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई आणि त्यातून काही मुलांना क्रॉयट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक रोग झाला. त्याच वर्षापासून जनुकीय तंत्राने बनवलेले औषध वापरात आले. तो धोका त्यामुळे संपला, परंतु उत्पादन सोपे होऊन ते सर्वत्र मिळू लागले.

आता त्याने खेळाडूला काय मिळते? २०१० मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ९६ हौशी खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर चरबी घटली आणि चरबीविरहित वजन वाढले, पण ती वाढ मुख्यतः पेशींबाहेर साठलेल्या पाण्याची होती. उचलण्याची ताकद वाढली नाही, दमही वाढला नाही. झटक्याच्या वेगवान श्रमाची क्षमता तेवढी ३.९ टक्क्यांनी वाढली, पुरुषांना जोडीला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले तेव्हा ८.३ टक्क्यांनी, आणि औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांत ती वाढ टिकली नाही. आरशात जे भरदार अंग दिसते त्यात पाण्याचा वाटा किती आहे, हे जिममधल्या मुलांना कोणीतरी सांगितले पाहिजे. मांजलपूरच्या आपल्या मित्रांनी सांगितलेला कोलॅजनचा परिणाम खरा आहे. मात्र त्याच प्रयोगात आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंच्या प्रथिनात वाढ दिसली नव्हती, आणि कोलॅजन वेगाने तयार होणे म्हणजे फाटलेला स्नायुबंध लवकर व मजबूत जुळणे, हे अजून सिद्ध झालेले नाही.

किंमत मात्र निश्चित आहे. हातापायांवर सूज येते, सांधे दुखतात, मनगटातील नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात. हे लवकर दिसते आणि मात्रा कमी केल्यावर बहुधा ओसरते. हे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते, त्यामुळे रक्तातील साखर चढते. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे (आणि आपल्याकडे असे घर शोधायला लांब जावे लागत नाही) त्यांच्यासाठी हे फार गंभीर आहे. दीर्घकाळ मोठी मात्रा घेतली तर काय होऊ शकते, ते पीयूषिकेच्या गाठीमुळे होणाऱ्या अ‍ॅक्रोमेगॅली या रोगात आम्ही पाहतो : जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, हात-पाय रुंदावतात, जीभ जाड होते, झोपेत श्वास अडतो, हृदयाचा स्नायू जाड होऊन पुढे दुबळा पडतो. आंद्रे द जायंट या कुस्तीपटूला हाच रोग होता. तो १९९३ मध्ये ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेला. सूज उतरते, साखर आटोक्यात येते, पण एकदा वाढलेले हाड परत लहान होत नाही.

हाडांची टोके जुळून गेल्यावर कितीही इंजेक्शने घेतली तरी उंची वाढत नाही, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. माझे मत म्हणाल तर, ज्याच्या शरीरात या संप्रेरकाची कमतरता नाही त्याला कामगिरीसाठी ते लिहून देणे म्हणजे निरोगी माणसाला रोगाच्या वाटेवर लावणे होय. त्याला देखरेख हे नाव दिल्याने ते वैद्यक होत नाही.

मांजलपूरचा खेळाडू

डॉक्टरसाहेब, आपण दिलेल्या आकड्यांतच माझा मुद्दा आहे. शंभर मीटरचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरते, तिथे ३.९ टक्के ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. खेळाडूंना लाभ दिसतो म्हणून ते घेतात, आणि चाचणीत सापडण्याची भीती त्यांना कमी वाटते, कारण मूळ चाचणी इंजेक्शननंतर जेमतेम एक-दोन दिवसच पकडू शकते आणि तिला लघवी चालत नाही, रक्तच लागते. भारतात २०२३ मध्ये ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतील ३.८ टक्क्यांमध्ये निषिद्ध द्रव्ये आढळली. एवढ्या मोठ्या देशात हे नमुने किती थोडे आहेत, ते पाहावे.

आखाड्यातला जुना विद्यार्थी

मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात वाढलो. १८८० पासूनची ती संस्था, प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेली. तिथे दंड-बैठका, मल्लखांब आणि लाठी शिकताना आम्हाला एक गोष्ट शिकवली गेली की अंगात आलेली ताकद उतरत्या वयातही उपयोगी पडली पाहिजे. डॉक्टरांनी वर्णिलेली ताकद सहा आठवड्यांत जाते आणि दुखणे मागे ठेवते. माझा कल धागाकर्त्यांकडे आहे. तरीही मांजलपूरच्या भाऊंनी वजन तोडण्याविषयी लिहिले आहे ते प्रशिक्षकांनी मनावर घ्यावे; औषधाला विरोध करायचा आणि पोराला दोन दिवस तहानलेले ठेवायचे, ही विसंगती खरीच आहे.

एका मुलाची आई, कारेलीबाग

माझ्या मुलाला या संप्रेरकाची जन्मजात कमतरता आहे आणि तो तज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज रात्री इंजेक्शन घेतो. त्याला बॅडमिंटन आवडते. आपण सर्वजण ‘बंदी’ हा शब्द लिहिता तेव्हा शाळेतील शिक्षकांपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकजण आमच्याकडे संशयाने पाहू लागतो, हे कृपया लक्षात घ्यावे. माझ्या मुलासाठी हे औषध म्हणजे इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याची एकमेव संधी आहे. तो पुढे स्पर्धेत उतरला तर काय करायचे?

धागाकर्ता

ताई, आपल्या मुलाला कोणीही रोखू शकत नाही आणि रोखू नये. निदान झालेल्या आजारासाठी उपचारार्थ सवलत मागण्याची तरतूद उत्तेजकविरोधी नियमांत आहे. तपासण्यांचे कागद जपून ठेवावेत, आणि तो नियमित स्पर्धा खेळू लागण्यापूर्वीच डॉक्टरांमार्फत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे अर्ज करावा.

मांजलपूरच्या मित्रांना उत्तर. चाचणीची खिडकी, म्हणजे औषध पकडता येण्याचा काळ, अरुंद होती हे खरे आहे, म्हणून तर २०१२ च्या लंडन स्पर्धांपासून दुसरी पद्धत आली. तीत खुद्द संप्रेरक न शोधता आयजीएफ-१ आणि कोलॅजन तयार होण्याचा एक निर्देशांक मोजतात, त्यामुळे खिडकी रुंदावली, आणि त्याच वर्षी पॅरालिंपिकमध्ये दोन रशियन पॉवरलिफ्टर तिच्यात सापडले. २०१३ मध्ये एस्टोनियाचा स्कीपटू आंद्रुस वेरपालू क्रीडा लवादाकडून सुटला, कारण जुन्या चाचणीची मर्यादा-रेषा पुरेशा शास्त्रीय आधाराने ठरवलेली नव्हती. निर्दोषावर अन्याय होऊ नये यासाठी असे निकाल हवेतच, आणि त्यानंतर त्या रेषा नव्याने ठरवल्याही गेल्या. नमुने थोडे असतील तर ते वाढवावेत, रक्ताचे नमुने अधिक घ्यावेत, अशी मागणी आपण दोघांनी मिळून करू. ३.९ टक्क्यांचा लाभ मोठा आहे हे आपण म्हणता, आणि माझ्या मते परवानगी न देण्याचे तेच सर्वांत सबळ कारण आहे, कारण एवढा लाभ समोर असताना नको म्हणण्याचे स्वातंत्र्य कोणाकडे उरेल?

मांजलपूरचा खेळाडू

सर, कामगिरीसाठी मोकळीक हा आग्रह मी सोडतो. सक्तीचा मुद्दा मला पटला. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखापतीसाठी मात्र मी ठाम आहे. अशा खेळाडूला स्पर्धेबाहेर ठेवून, औषध संपल्यावरही ठराविक काळ बाहेरच ठेवून, रुग्णालयात रीतसर अभ्यासाखाली हे औषध देऊन पाहावे. लाभ नसेल तर तेही कळेल. आज ना परवानगी आहे ना पुरेसा अभ्यास, आणि जायबंदी खेळाडू मधल्यामध्ये विक्रेत्याच्या हाती सापडतो.

निवृत्त डॉक्टर, अलकापुरी

नैतिक समितीच्या मंजुरीने आणि खेळाडूच्या संमतीने होणाऱ्या अशा अभ्यासाला माझा पाठिंबा आहे, धागाकर्त्यांचा असो वा नसो.

तोवर पालकांसाठी. मुलगा हे घेत असल्याचा संशय आला तर आधी त्याला रागावू नका; रागावल्यावर तो कुपी लपवतो आणि त्रासही लपवतो. रिकामी कुपी, खोके, त्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयजीएफ-१ तपासून घ्या; डोकेदुखी, धूसर दिसणे, बोटांना मुंग्या किंवा सकाळी अंगठी घट्ट होणे यांची विचारपूस करा. पायाचे माप बदलले का, तेही पाहा. हे औषध चिठ्ठीशिवाय विकणे गुन्हा आहे, तेव्हा खोके आणि बॅच क्रमांक घेऊन गुजरातच्या अन्न व औषध नियंत्रण प्रशासनाकडे विक्रेत्याविरुद्ध लेखी तक्रार करावी. तक्रारीचा मसुदा लिहिण्यास ज्यांना मदत हवी असेल, त्यांनी येथेच कळवावे. मी करून देईन.