‘मी खरं तर इथला नाहीच’ वाल्यांबद्दल

टेस्टिंगवाला_ऐरोली

सध्या जिकडे तिकडे एकच ऐकतोय, टपरीवर, कँटीनमध्ये, ट्रान्स हार्बरच्या गर्दीत. कोणीही भेटला की दुसऱ्याच वाक्यात सांगतो, अरे मी खरं तर फोटोग्राफर आहे, खरं तर लेखक आहे, ही नोकरी काय, नाइलाज म्हणून. असशील बाबा. पण हा ‘खरं तर’ वाला हातातल्या कामात नुसत्या पाट्या टाकतो आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही, कारण त्याच्या हिशोबाने खुर्चीत बसलाय तो तो नाहीच, खरा तो कुठेतरी हरिश्चंद्रगडावर ट्रायपॉड लावून उभा आहे. मग त्याचं राहिलेलं काम कोण निस्तरतं? आम्ही, ज्यांच्या नशिबी पॅशन नाही.

हो, मला पॅशन नाही. गाता येत नाही, ट्रेकला गुडघे दुखतात. पण काम बरं करतो. मागे एका कर्जाच्या ॲपमध्ये महिन्याची 31 तारीख आणि रविवार एकत्र आला की हप्ता दोनदा कापला जायचा. डेव्हलपर म्हणाला असं होतंय कशाला, सोड. नाही सोडला. सोडला असता तर कोणाच्या तरी खात्यातून दोन हप्ते गेले असते आणि मग तो माणूस कस्टमर केअरला फोन लावत बसला असता. यात मला मजा आली. हे कोणाला सांगितलं की तोंडावर दया दिसते, बिचारा, याला आयुष्यात दुसरं काही नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आवड संध्याकाळी जपा, दिवसा नीट काम करा आणि पॅशनच्या नावाखाली कामचुकारपणा बंद करा. घाला शिव्या.

ताल_महापे

शिव्या नाही पण उलट तपासणी करतो. हे खूळ सुरू कोणी केलं? जाहिरात बघ कुठलीही, ‘पॅशनेट उमेदवार हवा’. कशाचा पॅशनेट, तर एक्सेल भरायचा. इंटरव्ह्यूला आपणच हसत हसत सांगायचं की मला डेटाची लहानपणापासून आवड आहे, लहानपणी कोणाला डेटाची आवड असते रे, गोट्यांची असते. कंपनीनेच प्रेम मागितलं आणि आता माणूस म्हणतोय की प्रेम दुसरीकडे आहे तर तो कामचुकार?

आणि संध्याकाळी जपा म्हणे. मी तबला वाजवतो, बारा-तेरा वर्षं शिकतोय. महाप्याहून सुटायचं सात, क्लायंटचा कॉल आला की साडेसात, ठाण्याला घरी पोचेपर्यंत साडेआठ होऊन जातात, जेवून नऊ. दहानंतर वाजवलं की खालचे काका झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. उरला किती, एक तास. त्यानंतर मी उशीवर बोटं मारून कायदा, म्हणजे तबल्यातली बोलांची रचना, घोटतो, हसू नको, उशीवर बोल येत नाही पण हात सुटत नाही. गुरुजी रविवारी एकदा ऐकूनच ओळखतात, म्हणतात आठवडाभर उशीच बडवलेली दिसते. तुझं संध्याकाळचं गणित असंय.

वागळे_निवृत्त

दोघांचंही वाचलं. आम्ही वागळे इस्टेटमध्ये लेथवर होतो. 1978 साली गडकरी रंगायतन उघडलं तेव्हा ठाण्यात निम्म्या कारखान्यांत नाटकवाले होते असं म्हटलं तरी चालेल. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा असायच्या, तालमी कामगार कल्याण केंद्रात, आणि तालमीच्या महिन्यात आमचे फोरमन साहेब स्वतःहून पहिली पाळी लावून द्यायचे, तीनला सुटलो की चारला तालीम. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी जॉब रिजेक्ट झाला तर त्याच तोंडाने झापायचे. मशीनवर नीट काम केलं म्हणून आमच्यातला नट मेला नाही. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते, अशोक सराफ स्टेट बँकेत. तुमच्या पिढीला सगळं किंवा काहीच नाही असं का वाटतं कळत नाही.

ताल_महापे

काका आदर आहे, पण तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत की. तीनला सुटायचात. पाळी संपली की मशीन कारखान्यात राहायचं, आमचं मशीन पाठीवरच्या बॅगेत घरी येतं. आणि सराफ सराफ सगळे म्हणतात, त्याच बँकेत नाटकात काम करणारे अजून किती क्लार्क असतील ज्यांचं नाव आज कोणालाच माहीत नाही? द्यायचंच तर डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण द्या, चांगले कान-नाक-घशाचे सर्जन, 1969 ला बेचाळिसाव्या वर्षी सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. अर्धवट ठेवलं असतं तर?

टेस्टिंगवाला_ऐरोली

सर्जन होते रे. नाटक नसतं चाललं तर दवाखान्याची पाटी परत लावता आली असती. तू तीन वर्षं तबला वाजवून परत आलास की एचआर विचारेल हा गॅप कसला. आणि काका, तो कामगार कल्याणचा निधी अजूनही जून आणि डिसेंबरच्या पगारातून बऱ्याच जणांचा कापला जातो, चिल्लर असते म्हणून स्लिपवर कोणी बघत नाही. ताल, तुझाही कापला जात असेल तर जाऊन बघ तरी केंद्रात काय काय आहे.

घणसोलीचा_पोऱ्या

तुमची चर्चा मस्त चाललीय पण आमच्याकडं हा प्रश्नच कोणी विचारला नाय. आजोबांची भातशेती होती, नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमीन गेली, 84 ला उरणकडं जासईचं शेतकऱ्यांचं आंदोलन झालं त्यानंतर कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले, ते पण भांडून. बाबा रबाळ्याच्या एका कंपनीत प्रकल्पग्रस्त म्हणून लागले. आजोबांना शेती आवडायची का नोकरी, कोण विचारतंय. त्यांना काम आणि आवड वेगळी असते हेच माहीत नव्हतं, पाऊस पडला की लावणीला जायचं.

आता माझं सांगतो. दिवसा एमआयडीसीत स्टोअरला, रात्री बेंजो पार्टी. हळदीला वाजवतो, ठाण्यापासून उरणपर्यंत. आधी नुसती हौस होती, कोणाच्या पण मांडवात घुसून वाजवायचो, नवीन चाल बसवायला आख्खी रात्र जागायचो. आता सुपारी घेतो, पैसे चांगले, लग्नसराईत पगाराच्या वर जातात कधीकधी. पण खरं सांगू, आता बेंजो हातात घेतला की ड्यूटी वाटते. प्रत्येक हळदीत तीच चार गाणी, नवऱ्याचा मामा टाईट होऊन परत तेच लावा बोलतो, दहाला पोलीस येऊन बंद करायला लावतात म्हणून नऊ ते दहा नुसता धिंगाणा. नवीन चाल बसवून दीड वर्ष झालं असेल. त्यामुळे तालभाऊ, पूर्णवेळ झालास की तुला पण कोणीतरी मामा भेटणार, फक्त त्याच्या अंगावर सुटाबुटाचा कोट असेल एवढाच फरक.

ताल_महापे

हे मात्र लागलं. पण चार गाणी वाजवून का होईना हातात बेंजोच आहे ना भावा, स्टोअरचं रजिस्टर नाही.

घणसोलीचा_पोऱ्या

रजिस्टर बरं असतं कधीकधी. रजिस्टरकडून अपेक्षा नसते.

ओहोटी_नेरूळ

इतका वेळ वाचत होते. वरचे सगळे पुरुष आहात असं गृहीत धरते, कारण ‘जेवून नऊ’ असं लिहिलंय आणि ते जेवण केलं कोणी हे कुठेच नाही. मी पण बेलापूरला नोकरी करते, मी पण साडेसातला घरी येते, पण माझं आधी कुकर, मग मुलीचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, मग जेवण. मला तुमचा तो एक तास मिळाला तरी पुरे.

माझी आवड म्हणजे पक्षी बघणे. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलावर चरतात, भरती आली की पाणी चढतं आणि मग इथे नेरूळला चाणक्यच्या पाणथळीकडे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावावर येऊन थांबतात. म्हणजे माझं टाइमटेबल चंद्र ठरवतो, रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकतं. मॅनेजरला काय सांगू, आज सकाळची मीटिंग नको, भरती आहे? वर्षातून हाताच्या बोटावर मोजण्याइतके रविवार असे येतात की भरती सकाळची असते, पाहुणे नसतात आणि मुलीची परीक्षा नसते. आणि याची नोकरी होत नाही हो, कोणी पगार देत नाही तलावाच्या कडेला दुर्बीण घेऊन उभं राहायला. ठाणे खाडीला 2022 ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, मला साधी सुट्टी पण मिळाली नाही. त्यामुळे आवडीचं करिअर करा, नका करू हा वाद मला लागूच होत नाही. मला वेळ हवाय, करिअर नकोय.

टेस्टिंगवाले, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. काम नीट करावं, मीही करते. पण सहानंतरचा कॉल उचलला नाही तर त्याला कामचुकारपणा म्हणणार असाल तर नाही पटत.

टेस्टिंगवाला_ऐरोली

सहानंतरचं मी कुठे म्हटलं? मी दहा ते सहामधलं बोलतोय. आमच्या टीममधला फोटोग्राफर दुपारी तीनला एडिटिंग करत बसतो आणि सहानंतर मी त्याच्या टेस्ट केसेस चालवतो. माझी पण संध्याकाळ जाते ना मग, झोपायची का असेना. झोप ही आवड धरत नाहीत वाटतं इथे.

ओहोटी_नेरूळ

धरली. मग त्याची तक्रार करा त्याच्या लीडकडे, सगळ्या फोटोग्राफरांना कशाला धरून बसलात.

टेस्टिंगवाला_ऐरोली

लीड मीच आहे.

वागळे_निवृत्त

मग अडचण पॅशनची नाही साहेब, झापायची आहे.

घणसोलीचा_पोऱ्या

😂😂 काका फॉर्मात

ताल_महापे

हसा. इकडे मी सिरियसली राजीनामा टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, नोटीस पिरियड 90 दिवस आहे.

वागळे_निवृत्त

नोकरीला किती वर्षं झाली? पाच पूर्ण नसतील तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावं लागेल, आधी तारीख बघ मग तबला.

ताल_महापे

चार वर्षं तीन महिने. बघतो. त्याआधी शुक्रवारी अप्रेझल आहे, फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘या कामातलं तुम्हाला सर्वात जास्त काय आवडतं’. दोन दिवस रिकामा आहे. काय लिहू?

घणसोलीचा_पोऱ्या

पगार लिही.

टेस्टिंगवाला_ऐरोली

‘टीममधली माणसं’ लिही. मी दरवर्षी तेच लिहितो, आणि लीड झाल्यापासून सांगतो, तो रकाना कोणी वाचत नाही.