लेथवर हातमोजे?

कारखान्यांतल्या अजब सुरक्षा-नियमांचा विषय निघाला, तेव्हा जिना उतरताना कठडा धरला नाही म्हणून मेमो मिळाल्याचं कुणीतरी सांगितलं. तो नियम निदान निरुपद्रवी तरी आहे. आमच्याकडे गेटवरच फलक आहे : हातमोज्यांशिवाय शॉपफ्लोअरवर प्रवेश नाही. पत्रा हाताळायला, गरम जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) उचलायला ते हवेतच, वादच नाही. पण लेथवर, म्हणजे जॉब गरगर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर? ड्रिलवर? फिरत्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) मोज्याचा एक धागा अडकला की हाताला मागे यायला वेळच मिळत नाही. बाही घट्ट, अंगठी-घड्याळ काढलेलं, हात उघडे, हे आयटीआयमध्ये सुरुवातीलाच शिकवतात. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातलं २२वं कलमसुद्धा चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला सांगायचं.

सेफ्टी ऑफिसरला हे कळत नाही असं नाही (तोही मेकॅनिकलवालाच!), पण चेकलिस्टमध्ये 'हातमोजे : होय/नाही' एवढाच रकाना. मग ऑडिटला सगळे मोजे चढवून, मशीन बंद ठेवून उभे. आणि ज्यांची खरी गरज, ते गॉगल ओरखड्यांनी आंधळे झालेत. बदलून मागितले की उत्तर ठरलेलं, स्टॉक नाही. चिप्स (कापताना निघणारा धातूचा कीस) काढायला साधा ब्रश मागितला, तर तो इंडेंट (मागणीचा कागद) अजून परचेसला, म्हणजे खरेदी विभागात, पडून आहे.