रेडी रेकनर २८ लाख, प्रत्यक्षात व्यवहार २२ लाखांचा, खरेदीखतात कोणती रक्कम टाकायची?

ओढ्याकाठची:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट माहितीवर सही करायची नाहीये. बाबांनी १९९६ मध्ये नगरपालिका हद्दीत एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट घेतला होता, २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आसपास. बाबा आता नाहीत, आई, मी आणि भाऊ मिळून विकतोय. प्लॉट ओढ्याला लागून आहे, मागचा साधारण तिसरा हिस्सा निळ्या पूररेषेत (सरकारने नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीत) येतो आणि तिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही. लेआउटमध्ये समोरचा रस्ता ६ मीटर दाखवलाय पण शेजारच्यांची कंपाउंड भिंत इतकी पुढे आलीये की विटांचा टेम्पो आत वळत नाही, मी स्वतः उभी राहून बघितलंय, ड्रायव्हरने आरसे मिटले तरी जमलं नाही. दीड वर्षात पाच गिऱ्हाईकं येऊन गेली, त्यातल्या एकानेच २२ लाख सांगितले आणि आम्ही हो म्हणालो.

आता दस्त करायला गेलो तर रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला दर निघतोय चौरस मीटरला १४,०००, म्हणजे २८ लाख. आमच्या मूल्य विभागात (एकच दर लागणाऱ्या पट्ट्यात) मेन रोडला लागून असलेले प्लॉटही येतात, त्यांना हा दर कमीच वाटत असेल, पण आम्हाला तोच दर कसा काय? एजंट म्हणतो सरळ २८ दाखवा, नंतर कटकट नको. घेणारे नवरा बायको नोकरदार आहेत, त्यांना २२ च्या वर एक रुपया देणं शक्य नाही आणि ते खोटं बोलत नाहीयेत. २२ टाकले तर नोटीस येते का? आणि सहा लाखांचा फरक नक्की कुणाच्या माथी बसतो? आईचं वय ७१ आहे, तिला नंतर चकरा माराव्या लागू नयेत एवढंच मला बघायचंय.

सातबारा_वाचक:
ताई, २८ अजिबात लिहू नका. दस्तात खरी ठरलेली रक्कम लिहायची, म्हणजे २२. इंडेक्स २ म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, कुठल्याही दस्ताचा काढून बघा, त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतात, तुमच्या केसमध्ये मोबदला २२ आणि बाजारभाव २८ असं येईल आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. फक्त मुद्रांक शुल्क दोन्हीपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर, म्हणजे २८ वर भरायचं. नोंदणी फी १ टक्का आणि जास्तीत जास्त ३०,०००. उलट २८ लिहून बँकेतून २२ च आले तर उरलेले सहा कुठे गेले याचं उत्तर द्यायला आईलाच बसावं लागेल.

आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्याचं सरकारी नाव वार्षिक मूल्यदर तक्ता. १९९५ च्या बाजारमूल्य निश्चितीच्या नियमांखाली नोंदणी व मुद्रांक विभाग तो काढतो, नवीन दर साधारण १ एप्रिलपासून लागू होतात. अख्ख्या विभागाला मिळून एक दर काढतात, एकेका प्लॉटवर जाऊन कोणी पाहणी करत नाही, म्हणून ओढा, पूररेषा, अरुंद रस्ता हे त्या आकड्यात दिसत नाही. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा अधिकारी, स्वतःच्या अधिकारात दर कमी करू शकत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका.

पण सगळ्यात आधी तुमचा गट किंवा सर्व्हे नंबर बरोबर विभागात आहे का ते तपासा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-एएसआर म्हणजे हाच दरतक्ता ऑनलाइन आहे, तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून आपला नंबर कुठल्या उपविभागात आहे ते दिसतं. आमच्या चुलत्यांचा गट चुकून रस्त्याच्या पट्ट्यात धरला होता, मोजणीचा नकाशा जोडून दाखवल्यावर दर खाली आला. नेहमीच होईल असं नाही, पण पाहायला काय जातं.

रकाना_चौदा:
मुद्रांकाचं वर आलं, पण मला जास्त काळजी इन्कम टॅक्सची वाटते आणि त्याबद्दल एजंट कधीच बोलत नाहीत. आपण सगळे ज्याला कलम ५०सी म्हणतो त्यात जमीन किंवा घर विकणाऱ्याचा मोबदला मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा (तुमच्या केसमध्ये रेडी रेकनरचे २८ लाख) कमी असेल तर टॅक्ससाठी मुद्रांकाचं मूल्यच धरतात. सूट एवढीच की फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर खरी रक्कम मान्य होते, आधी ही सूट ५ टक्के होती, २०२० च्या वित्त कायद्याने १० केली. तुमच्या २२ वर १० टक्के म्हणजे २४ लाख २० हजारांपर्यंत चाललं असतं, २८ त्याच्या बरंच वर आहे. म्हणजे भांडवली नफा २८ धरून मोजणार, हातात २२ च आलेले असले तरी. आणि घेणाऱ्यांनाही सुटका नाही, ५६(२)(एक्स) नावाच्या तरतुदीत तो सहा लाखांचा फरक त्यांचं उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. एकाच फरकावर दोन्ही बाजूंना टॅक्स, हे मला मनापासून अन्यायकारक वाटतं, पण कायदा आज असा आहे.

यातून रस्ता आहे. रिटर्न भरताना किंवा नोटीस आल्यावर तुम्ही म्हणू शकता की मुद्रांकाचं मूल्य खऱ्या बाजारभावापेक्षा जास्त आहे, प्रकरण इन्कम टॅक्स विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा. त्याने कमी मूल्य काढलं तर तेच धरतात, जास्त काढलं तरी मुद्रांकाच्या वर जात नाही. पण एक अट नीट वाचा, मुद्रांकाच्या मूल्यावर तुम्ही आधीच अपील वगैरे केलं असेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून कुठे भांडायचं ते आधी ठरवा, दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका.

आणि प्लॉट १९९६ चा आहे ना, मग १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदीची किंमत म्हणून घेता येतं, फक्त जमिनीच्या बाबतीत ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या वर नसावं. म्हणजे २००१ चा रेडी रेकनरही लागणार, तो नोंदणीकृत मूल्यांककाकडे बहुतेक मिळतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन असल्याने इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न लावता १२.५ टक्के आणि लावून २० टक्के असे दोन्ही हिशोब करून जो टॅक्स कमी तो भरता येतो. सीएला हे आकडे लिहून मागा, तोंडी उत्तरावर थांबू नका.

ओढ्याकाठची:
बापरे, घेणाऱ्यांच्या उत्पन्नात पण धरतात हे मला माहितीच नव्हतं, त्या बिचाऱ्यांना तर कोणी सांगितलंच नसणार, आज संध्याकाळी फोन करते. दोन प्रश्न अजून. हा दर कमी करून घेण्याचा मुद्रांकाच्या बाजूने काही मार्ग आहे का? आणि आमच्या काकू म्हणतात की रेडी रेकनर वाढला की घरपट्टीपण वाढते, ते खरं आहे का?

दगडीबांध:
पहिल्या प्रश्नाचं. मार्ग आहे, अभिनिर्णय म्हणतात त्याला, मुद्रांक कायद्याचं कलम ३१. सही करायच्या आधी दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि या दस्ताला किती शुल्क ते ठरवून मागायचं. मी केलंय, आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यावरून हाय टेन्शन लाइन जाते. मी नुसता अर्ज दिला असता तर काही झालं नसतं. सोबत नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल दिला, तारांच्या खाली बांधायचं नाही असं सांगणारं वीज कंपनीचं पत्र दिलं, आणि त्याच गल्लीतल्या दोन ताज्या व्यवहारांचे इंडेक्स २ दिले ज्यात मोबदला बाजारभावाच्या खाली होता. चार महिने लागले आणि पाच खेपा झाल्या. दर पूर्ण मागितला तेवढा खाली आला नाही, पण आला. तुमच्याकडे पूररेषेचा नकाशा आहे, तो भक्कम कागद आहे. टेम्पो अडकलेला फोटो पण काढा, खरंच.

वेळ जास्त लागणार हे घेणाऱ्यांना आधी सांगा, त्यांचं बँकेचं कर्ज मंजूर होऊन मुदत संपत असेल तर पंचाईत होते. मार्च जवळ आला असेल तर वेगळा हिशोब, ३१ मार्चच्या आत मुद्रांक भरून सह्या झाल्या तर नोंदणीला त्यानंतर चार महिने मिळतात आणि जुना दर टिकतो.

सातबारा_वाचक:
घरपट्टीचं सगळीकडे सारखं नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, तिथे रेडी रेकनर थेट हिशोबात येतो. त्यातले काही नियम हायकोर्टाने २०१९ मध्ये रद्द केले आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. ग्रामपंचायतीतही भांडवली मूल्याची पद्धत आहे. पण पुण्यासारख्या ठिकाणी वार्षिक भाड्याच्या मूल्यावर चालतं, तिथे रेडी रेकनर वाढला म्हणून पट्टी आपोआप वाढत नाही. तुमच्या नगरपालिकेत कुठली पद्धत ते बिलावर लिहिलेलं असतं, करयोग्य मूल्य असं असेल तर काकूंनी घाबरायचं कारण नाही.

बांधावरून:
एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या गावातून रस्ता गेला तेव्हा सगळे उलटं रडत होते, रेडी रेकनर इतका कमी का म्हणून. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना मुद्रांकाचा दर आणि आजूबाजूच्या खरेदीखतांची सरासरी यातलं जास्त ते धरतात, आणि ती खरेदीखतंही लोकांनी शुल्क वाचवायला कमी रकमेची केलेली. माझ्या भावाने तीन वर्षांपूर्वी घेतलेली जमीन कागदावर निम्म्या भावाची होती, तोच कागद नंतर आमच्याविरुद्ध धरला. म्हणून ताई, तुमच्या प्लॉटचा दर कमी करून मागा, पण ओढा आणि पूररेषा या कारणाने मागा, अख्ख्या विभागाचा दर कमी करा म्हणून नको. शेजाऱ्यांची जमीन उद्या संपादनात गेली तर त्यांना ते लागेल.

ओढ्याकाठची:
सगळ्यांचे खूप आभार. फोन केला, घेणारे म्हणाले चार महिने थांबायला तयार आहोत पण मग इसार चेकने देऊन साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, लिहून ठेवू. ते करताना ताबा द्यायचा नाही असं वकिलांनी सांगितलंय, नाहीतर तेव्हाच पूर्ण मुद्रांक लागतो. उद्या नगररचना कार्यालयात पूररेषेच्या नकाशाची प्रत मागायला जातेय. २००१ चा दर कुणाकडे मिळाला तर इथेच लिहीन.